एडिसनच्या फोनोग्राफचा काळा रंग आणि फुलांचा कर्णा : नवा रंग देण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या घराच्या सामानविक्रीत तुम्हाला एडिसनचा ‘स्टँडर्ड’ फोनोग्राफ (नळकांड्यांवरचं ध्वनिमुद्रण वाजवणारं जुनं यंत्र) मिळाला. पट्टीवर मॉडेल बी असं लिहिलंय. यंत्र चालतं, पण वरचा लोखंडी पाटा काळपट-तपकिरी, निस्तेज दिसतो आणि त्यावरच्या सोनेरी रेघा जेमतेम कळतात. सोबत निळा, आतून फुलं काढलेला मोठा कर्णा आहे. त्याच्या जोडांवर गंज आहे, रंगाचे पोपडे निघालेत आणि एका पाकळीला, म्हणजे कर्ण्याच्या पत्र्याच्या एका पट्टीला, पोचा आलाय. तुमच्या मेहुण्यांचं मोटारी रंगवण्याचं दुकान आहे. सगळं वाळूच्या माऱ्याने साफ करून नवा रंग मारून द्यायला ते तयार आहेत. काळा रंग कोणता घ्यावा आणि सोनेरी रेघा कशा माराव्यात, एवढंच तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं न्यू जर्सीत ही यंत्रं दुरुस्त करतोय. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रंगाच्या कामातच गेली. म्हणून उत्तर थोडं मागे जाऊन देतो. रंग कोणता घ्यावा हा प्रश्न पुढचा आहे. तुमच्या पाट्यावरचा मूळ रंग खरंच गेलाय, की शंभर वर्षांच्या तेला-धुरामागे लपलाय, हे आधी ठरवावं लागेल. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही. पण रेघा ‘जेमतेम कळतात’ म्हणजे त्या आहेत. वाळूचा मारा बसला की दहा सेकंदांत त्या नसतील, आणि एकदा गेल्या की कुणालाही परत आणता येणार नाहीत. म्हणून मेहुण्यांना आत्ता थांबायला सांगा.

आधी तो काळा रंग म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. नाहीतर पुढचं सगळं नुसती पथ्यं वाटतील. लहानपणी आजीच्या घरी सिंगरचं शिलाई मशीन पाहिलं असेल, तर तोच हा रंग. त्याला जपान ब्लॅक म्हणतात. जपानी लाखकामाची नक्कल करायच्या खटपटीतून युरोपात ही पद्धत आली, म्हणून हे नाव पडलं. नैसर्गिक डांबर जवसाच्या तेलात शिजवायचं, टर्पेंटाइनने पातळ करायचं, लोखंडावर त्याचा हात द्यायचा आणि भट्टीत भाजून कडक करायचं. फोर्डच्या मॉडेल टी मोटारींवरही हाच प्रकार होता. त्यावर सोनेरी रेघा आणि कोपऱ्यांतली नक्षी, आणि त्याच्या वर संरक्षणाला पारदर्शक रोगणाचा एक पातळ थर.

यातून तीन गोष्टी निघतात. डांबर भाजून कडक झालेलं असल्यामुळे काळा थर चिवट असतो, सौम्य साफसफाई तो सहज सोसतो. सोनं मात्र त्या काळ्याच्या आत नसतं. ते वर बसलेलं असतं आणि त्याच्यावर फक्त तो रोगणाचा पापुद्रा असतो, म्हणून सगळ्यात नाजूक जागा तीच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे डांबराचा काळा हा कोळशाचा काळा नसतो. पातळ असेल तिथे तो कडक चहासारखा तपकिरी दिसतो आणि वर्षानुवर्षं ऊन लागलं की आणखी तपकिरी होतो. तुमच्या पाट्याचा तपकिरीपणा थोडा मळाचा आणि थोडा रंगाच्या वयाचा असणार. मळ निघेल. वय निघणार नाही, आणि काढूही नये.

मूळ चकाकी किती होती हे बघायचं असेल तर पाटा वर उचला. स्टँडर्डमध्ये तो बिजागरीवर उचलला जातो, खाली मोटर लटकलेली दिसेल. कडेचा जो भाग पेटीच्या आत दबलेला असतो तिथे ऊन पोचलेलं नसतं. तिथे टॉर्च तिरका धरून बघा. तुम्हाला गाठायचा रंग तोच.

साफसफाई सुरू करण्याआधी एक घडलेली गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एडिसनचाच ‘होम’ नावाचा दुसरा फोनोग्राफ आला होता. त्याच्यावर कुणीतरी सांडलेलं काहीतरी चिकट वाळून बसलं होतं. मी बोळ्यावर अल्कोहोल घेतलं आणि पुसलं. चिकटपणा निघाला, आणि त्याच बोळ्यावर चार इंच लांबीची सोनेरी रेघही निघून आली. वरचं रोगण चपड्याचं (लाखेचं) होतं आणि चपडा अल्कोहोलमध्ये विरघळतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, पण हात डोक्याच्या आधी चालला. यंत्र दुसऱ्याचं होतं. त्यांना फोन करून सांगताना जे वाटलं ते आजही आठवतं. तेव्हापासून रंगवलेल्या भागाजवळ अल्कोहोल, अमोनिया असलेले काच पुसायचे फवारे, अ‍ॅसिटोन आणि लॅकर थिनर मी आणतच नाही. स्टील वूलही नाही, कितीही बारीक असलं तरी. काळ्यावर त्याचे ओरखडे तिरक्या उजेडात जाळ्यासारखे दिसतात.

तर सुरुवात कोरड्या मऊ कुंचल्याने करा आणि धूळ झटका. मग कापूस गुंडाळलेली काडी आणि चक्क थुंकी. ऐकायला विचित्र वाटेल, पण संग्रहालयांत चित्रं साफ करणारे लोकही ही पद्धत वापरतात. थुंकीत मळ फोडणारे घटक असतात आणि ती अतिशय सौम्य असते. रेघांपासून दूर, दिसणार नाही अशा जागी नाण्याएवढा भाग पुसून बघा. जुन्या यंत्रांवर चाकांचं तेल उडून वाळलेलं असतं. त्याचा तपकिरी कडक पापुद्रा थुंकीने पुरता निघणार नाही. त्यासाठी मेकॅनिक लोक हात धुवायला वापरतात ती पांढरी मलई घ्या, पण दगडाची पूड नसलेली. ही अट महत्त्वाची आहे, कारण बाजारात बऱ्याच मलयांत प्यूमिस घातलेलं असतं आणि ते पॉलिश पेपरसारखं काम करतं. बोटावर थोडी मलई घेऊन दोन इंचाच्या चौकोनात हलकेच फिरवा, दहा-पंधरा सेकंदांत पुसून घ्या, मग पाण्याने जेमतेम ओल्या बोळ्याने आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. एक चौकोन पुरता कोरडा झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

आता खरं कौशल्य बोळा वाचण्यात आहे. बोळा तपकिरी होणारच. पण तो मळ आहे की रंग, हे कसं ओळखायचं? पहिला बोळा गडद, दुसरा त्याहून फिका, तिसरा जवळजवळ स्वच्छ असं होत गेलं तर तो मळ आहे. पाच बोळे वापरूनही प्रत्येकावर तेवढाच तपकिरी डाग येत असेल, तर ते डांबर विरघळतंय. तिथेच थांबा. बोळ्यावर एखादा जरी सोनेरी कण चमकला तर त्या भागात साफसफाई संपली असं समजा, मग रेघ कितीही मळकी दिसो. सगळे बोळे ओळीने पांढऱ्या कागदावर मांडून ठेवायची मला सवय आहे. शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना लगेच कळतो. एकेकटा बघितला तर प्रत्येक बोळा ‘थोडासाच घाण’ वाटतो.

रेघांवर मी मलई वापरतच नाही. तिथे फक्त थुंकी, बारीक काडी, आणि रेघेच्या दिशेने, आडवी नाही. साफ केल्यावरही तुमच्या रेघा लखलखीत होणार नाहीत, त्याने निराश होऊ नका. सोनेरी रेघांत पुष्कळदा तांबं-जस्ताची पूड असते आणि ती वर्षांनी काळवंडते. शिवाय वरचं रोगण पिवळं पडलेलं असतं. म्हणून जुनं सोनं जरा हिरवट-तपकिरी दिसतं, आणि तसंच दिसू द्यावं. हाताच्या घासण्याने जिथे रेघ तुटली आहे, तिथे सेटिंगसाठी कुणाचातरी हात शंभर वेळा टेकला होता. ती झीज यंत्राच्या वापराची आहे. मला स्वतःला ती भरून काढावीशी वाटत नाही. काही चांगले कारागीर भरतात, आणि नीट भरली तर माझा त्याला विरोधही नाही.

जिथे काळा थर टवका निघून लोखंड उघडं पडलंय तिथे मात्र भरणं गरजेचं आहे, कारण गंज तिथूनच रंगाखाली शिरतो. सुटा गंज बांबूच्या काडीने खरवडा. मग बारीक कुंचल्याने टॅनिक आम्लाचं पाणी लावा. गंजाशी त्याचा संयोग होऊन निळसर काळा, स्थिर थर तयार होतो आणि काळ्या पाट्यावर तो जवळजवळ मिसळून जातो. छोट्या टवक्यांना कधीकधी तेवढंच पुरतं. मोठ्या टवक्यात काळा रंग भरायचा तर सरळ डब्यातला काळा घेऊ नका, तो निळसर दिसेल आणि ठिगळासारखा उठून येईल. काळ्यात थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) मिसळा आणि जुळलाय की नाही ते दिवसाच्या उजेडात खिडकीशी बघा. दिव्याखाली जुळलेला रंग सकाळी हमखास वेगळा निघतो. रंग फक्त खड्ड्यात भरायचा, कडेच्या जुन्या रंगावर एक केसभरही चढवायचा नाही. शेवटी सगळ्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि अर्ध्या तासाने मऊ कापडाने घासा. मेणाने खोली येते, काळा पुन्हा काळा दिसतो, आणि पुढे कुणाला नको वाटलं तर ते काढताही येतं.

आता कर्णा. तुमच्या यंत्रातला विचार करण्यासारखा भाग हाच आहे.

मॉडेल बी १९०५ ला आलं, तेव्हा त्याच्यासोबत एडिसन कंपनी फक्त १४ इंचांचा छोटा कर्णा द्यायची. मोठा, दहा पट्ट्यांचा काळा कर्णा कंपनीने १९०७ पासून दिला. म्हणजे तुमचा निळा, फुलांचा कर्णा एडिसनचा नाहीच. पहिल्या मालकाने तो दुकानातून वेगळे पैसे देऊन, आवडीने घेतला. असे कर्णे बनवणाऱ्या कंपन्यांत फिलाडेल्फियाची हॉथॉर्न अँड शेबल आणि न्यूअर्कची टी ट्रे कंपनी ही ठळक नावं. कितीतरी छटा, वेगवेगळी फुलं. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. पाट्याचा रंग उडाला तर तसाच दुसरा मूळ पाटा बघून नक्कल करता येते. तुमच्या कर्ण्यावरची फुलं नेमकी कशी होती, आतल्या बाजूला निळा फिका होत होत कुठे संपत होता, याची नोंद जगात एकाच ठिकाणी आहे, त्या पत्र्यावर. तो खरवडला की नोंदही गेली.

म्हणून मी पाट्यावर नवा रंग देण्याला एक वेळ हो म्हणेन, पण फुलांच्या कर्ण्यावर जवळजवळ कधीच नाही. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी रेडिएटरला देतात तसला चंदेरी रंग फासलेला कर्णा आणला आणि म्हणाले, उतरवून काळा करून द्या. मी नेहमीप्रमाणे जोडाजवळ बोटाएवढी जागा तपासली. चंदेरी रंग सौम्य मिनरल स्पिरिटने हळूहळू मऊ पडत होता, पण खालचा भाजलेला थर जागचा हलत नव्हता. आणि त्या बोटाएवढ्या जागेत गुलाबाची पाकळी दिसली. सगळा कर्णा उघडायला मला अकरा आठवडे लागले, रोज संध्याकाळी एखादा तास. पाच गुलाब होते. दोन जवळजवळ झिजलेले, तीन काल काढल्यासारखे. सगळ्या चंदेरी कर्ण्यांखाली फुलं नसतात, आणि असली तरी दरवेळी अशी सुटत नाहीत. पण तपासल्याशिवाय खरवडायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं.

तुमच्या कर्ण्यावर काम करताना आधी स्वतःची काळजी घ्या. त्या काळच्या रंगांत शिसं असणार, असंच धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगांत शिशावर बंदी आली ती १९७८ ला, म्हणजे तुमचा कर्णा त्याच्या सत्तर वर्षं आधीचा. त्यावर कोरडा पॉलिश पेपर चालवू नका. पोपडे ओल्या कापडावर गोळा करा, शिशाच्या धुळीसाठी असतो तसा चांगला मास्क लावा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकाच्या टेबलावर नको.

पोचा आधी काढायचा की पोपडे आधी बसवायचे? पोपडे आधी. उलट केलं तर ठोकताना ते उडून जातील. सुटलेल्या पोपड्यांखाली मी गरम पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेण बारीक कुंचल्याने सोडतो, हेअर ड्रायरने किंचित ऊब देतो आणि सिलिकॉन कागदावरून बोटाने दाबतो. याची एक किंमत आहे. मेण गेलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. म्हणून ज्या खड्ड्यांत रंग भरायचा ते आधीच ठरवून घ्या आणि तिथे मेण जाऊ देऊ नका. दुसरे चिकटवणारे पदार्थही आहेत, पण त्यांतले बरेच पाण्यातले असतात आणि खाली लोखंडाचा पत्रा आहे. शिवाय घरी पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातून मेणाने नुकसान कमी होतं.

पोचा थंड पत्र्यावर काढू नका. जुना रंग थंडीत ठिसूळ असतो. पोचा उन्हाळ्यात काढावा किंवा खोली उबदार ठेवून पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत गरम करावा. पत्रा जिकडे फुगलाय त्या बाजूने, मऊ चामडं गुंडाळलेला गोल लाकडी दांडा घेऊन नुसता दाबा, ठोकू नका. ऐंशी टक्के निघाला की सोडून द्या. शेवटचे वीस टक्के काढायला गेलं की रंग तडकतो.

जोडांवरचा गंज तुम्हाला वरून दिसतो त्याहून जास्त असणार. दोन पाकळ्यांच्या दुमडीत ओल बसते. तिथे टॅनिक आम्ल निळ्यावर काळे डाग पाडेल, म्हणून ते फक्त दुमडीत, अगदी टोकदार कुंचल्याने. मग निळा भरताना सगळा कर्णा एका निळ्याने रंगवायचा मोह होईल. आवरा. गोल कर्ण्यावर ऊन एका बाजूने पडलेलं असतं, त्यामुळे एकाच कर्ण्यावर तीन निळे सापडतात. प्रत्येक जागेला तिथला निळा मिसळावा लागतो. फुलांना मी हात लावत नाही. अर्धं फूल अर्धंच ठेवतो.

आता समजा, पाटा साफ केल्यावर दिसलं की काळा थर खरंच संपलाय, मोठ्या भागावर खड्डेदार गंज आहे, रेघांचा मागमूस नाही. किंवा आधीच कुणीतरी सगळं उतरवून साधा रंग मारलाय. तेव्हा नवा रंग देण्यात काही गैर नाही. माझं अंदाजाचं माप असं की निम्म्याहून जास्त मूळ रंग शिल्लक असेल तर राखायचा, एक चतुर्थांशाहून कमी असेल तर नव्याने करायचा. मधल्या पट्ट्यात यंत्र किती दुर्मीळ आहे आणि मालकाला काय हवंय यावर ठरतं. स्टँडर्ड हे एडिसनचं भरपूर खपलेलं यंत्र आहे, त्यामुळे थोडी मोकळीक मिळते. पण संग्राहक आजही झिजलेल्या मूळ रंगाला नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोल देतात, हे विकायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा.

नव्याने करताना मोटारीचा दोन भाग मिसळून मारायचा रंग मला पसंत नाही. तो जाड बसतो, ओतकामाच्या धारदार कडा गोल करतो, आणि प्लास्टिकसारखी चमक येते. डांबराचं रोगण आजही मिळतं. पातळ तीन-चार हात, प्रत्येक हातानंतर भाजणं, आणि मधे ओल्या बारीक पेपरने घासणं. भाजायला घरातली जेवणाची भट्टी वापरू नका, धूर विषारी असतो. आणि कर्णा किंवा डाग दिलेला (सोल्डरने जोडलेला) कुठलाही भाग भाजायच्या भट्टीत ठेवू नका. शिसं-कथिलाचा नेहमीचा डाग १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतो आणि जपान ब्लॅक भाजायचं तापमान त्याच्या आसपास जातं. माझ्या ओळखीच्या एका माणसाने भट्टी उघडली तेव्हा कर्ण्याची कडी खाली पडलेली होती.

रेघांसाठी लांब केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा रेघांचा कुंचला येतो. पाट्यावर हात टाकण्याआधी काचेवर महिनाभर सराव करा. काचेवरची रेघ पुसता येते. मूळ रेघाही हातानेच मारलेल्या आहेत, बारकाईने बघितलंत तर कोपऱ्याशी त्या किंचित जाड होतात. चिकटपट्टी लावून मारलेली रेघ फार सरळ येते, आणि जाणकाराला ती लगेच खटकते.

तुमच्या मेहुण्यांचा उत्साह वाया जायला नको. फोटोत कर्णा लटकवायची जी उभी दांडी दिसते, ती नवी, बदललेली आहे. तिच्यावर कुणीतरी स्प्रेचा रंग मारलाय आणि तो ओघळलाय. ती त्यांच्याकडे द्या, उतरवून गडद, तपकिरीकडे झुकणारा काळा द्यायला सांगा, चमक बेताची. पाट्यावर पहिले दोन चौकोन साफ झाले की ओळीने ठेवलेल्या बोळ्यांचा आणि त्या चौकोनांचा दिवसाच्या उजेडातला फोटो मला पाठवा. रेघांना हात लावायचा की नाही, ते तो बघून सांगतो.